किती लागतो आणि कोण लागतो

प्रभूने आपल्या शिष्यांस शिकविलेली प्रार्थना आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही मुखोद्गत असते. परंतु जे नित्य मुखी असते त्याच्या अर्थाकडे मन क्वचितच जाते. अलिबाग तालुक्याच्या खारेपाटातील एका लहानशा मंडळीत त्या प्रार्थनेतील एकाच शब्दावरून तंटा उभा राहिला, आणि त्या निमित्ताने आम्हांस त्या शब्दाचा नीट विचार करणे भाग पडले. तो विचार वाचकांपुढे, विशेषतः गावोगावच्या उपदेशक बंधूंपुढे, ठेवावा असे वाटते.

हकीकत अशी. मंडळीतील एका बंधूने मुलीच्या लग्नासाठी दुसऱ्या बंधूकडून वीस हजार रुपये हातउसने घेतले. कागद झाला नाही, व्याज ठरले नाही. भाताचे दोन हंगाम गेल्यावर फेड व्हावयाची, एवढाच शब्द झाला. चार हंगाम गेले. शेवटी देणाऱ्याने पैशाची आठवण केली तेव्हा घेणारा म्हणाला, “दादा, दर रविवारी तुम्ही ऋण सोडण्याची प्रार्थना करता. मग आता सोडा की!” त्यावर दुसरा उत्तरला, “अरे, तीच प्रार्थना तूही करतोस. देवापुढे देणेकरी म्हणून उभा राहतोस, मग माझ्यापुढे उभे राहायला तुला जड का जाते?” त्या दिवसापासून दोघांचे बोलणे तुटले, आणि पुढच्या प्रभुभोजनास दोघेही आले नाहीत.

तेथील उपदेशकाने आम्हांस विचारले की, दोघांत खरा कोण? आम्ही घाईने निवाडा दिला. धनकोचे पक्के घर व थोडीबहुत शेती, ऋणको मोलमजुरी करणारा. तेव्हा क्षमेवर एक उपदेश करून आम्ही सर्व भार धनकोवर टाकला. पुढे कळले की, त्या वीस हजारांसाठी त्याने पत्नीचे दागिने गहाण ठेवले होते व त्यांचे व्याज तो दरमहा भरीत होता. ज्यास आम्ही कठोर ठरविले तोच दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाचे ओझे मुकाट्याने वाहत होता. आमची चूक उघड होती. ऋण म्हणजे काय याचा विचार न करताच आम्ही ऋण सोडण्याविषयी बोललो होतो.

म्हणून प्रथम शब्दच पाहू. ही प्रार्थना मत्तय व लूक या दोन शुभवर्तमानांत आली आहे. मत्तयाने जेथे ऋण म्हटले आहे तेथे लूकाने पाप म्हटले आहे, आणि आमच्या मराठी शास्त्रातही हा भेद राखलेला आहे. प्रभू ज्या अरामी भाषेत लोकांशी बोलत असे तीत ‘होबा’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ देणे असाही होतो आणि पाप असाही होतो. एका शब्दाच्या पोटी दोन अर्थ होते, आणि दोघा लेखकांच्या हातून ते दोन शब्द झाले. इंग्रजी बोलणाऱ्या मंडळ्यांतही याच ठिकाणी दोन वाटा फुटल्या. 1549 सालच्या आंग्लिकन प्रार्थनापुस्तकापासून त्या पंथात ‘ट्रेस्पासेस’, म्हणजे अपराध, असे म्हणतात. स्कॉटलंडच्या मंडळ्या ‘डेट्स’, म्हणजे ऋणे, असे म्हणतात. 1823 साली जे स्कॉटिश मिशनरी कोकणात बाणकोटास उतरले ते ही दुसरी रीत पाळणारे होते.

आता इंग्रजीतील ‘शॅल’ हा लहानसा शब्द घ्या. ज्यांनी शाळेत थोडेबहुत इंग्रजी शिकले त्यांस तो भविष्यकाळाचा साधा प्रत्यय वाटतो. परंतु त्याचा मूळ अर्थ ‘मी देणे लागतो’ असा आहे. इसवी सन 1000 च्या सुमारास शुभवर्तमानांचे जे जुन्या इंग्रजीत भाषांतर झाले, त्यात अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यात कारभारी धन्याच्या ऋणकोस तुझे देणे किती, असे विचारतो. तेथे याच ‘शॅल’चे जुने रूप एकटेच आले आहे, देणे सांगण्यास दुसरे क्रियापद लागलेच नाही. त्याहून सहाशे वर्षे मागे जावे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपाने गॉथ लोकांसाठी शास्त्राचे भाषांतर केले. त्यात प्रभूच्या प्रार्थनेत ऋणी या अर्थी जो शब्द आहे तो याच धातूचा. जर्मनीत ‘झोलेन’, डच भाषेत ‘झ्युलेन’, स्वीडिश भाषेत ‘स्काल’ ही सर्व त्याची भावंडे. त्यांचे अर्थ कोठे ‘केले पाहिजे’ असे, तर कोठे ‘होईल’ असे. त्याच धातूपासून ‘शुल्ड’ हे नाम जर्मन व डच भाषांत आले, आणि त्याचा अर्थ कर्ज असाही आहे व दोष असाही आहे. स्वीडिश ‘स्कुल्ड’ तसाच दुहेरी आहे. उत्तरेकडील प्राचीन लोक मनुष्याचे दैव ठरविणाऱ्या तीन देवता मानीत. त्यांपैकी एकीचे नावही स्कुल्ड, म्हणजे जे यावयाचेच आहे ते. इंग्रजीत कर्तव्य दाखविणारा दुसरा शब्द ‘ऑट’; तोही ‘ओ’, म्हणजे देणे असणे, या क्रियापदाचेच भूतकाळी रूप आहे. सारांश, या लोकांच्या बोलीत ‘मी देणे लागतो’ यातून ‘मला केले पाहिजे’ असा अर्थ निघाला. कर्तव्य हे त्यांनी प्रथम देण्याच्या रूपाने ओळखले.

यावरून एक मोठा प्रश्न निघतो, आणि तो केवळ पंडितांचा नव्हे. नित्शे नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता एका ल्युथरन पाळकाचा मुलगा होता. त्याने 1887 साली नीतीच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, दोष ही भावना मुळात कर्ज या व्यवहारातूनच जन्मली. धनको आणि ऋणको यांचा जो जुना बाजार, त्यातील धाक मनुष्याच्या अंतःकरणात शिरला आणि त्यास आपण सदसद्विवेक असे नाव दिले, असा त्याचा रोख आहे. हे खरे मानले तर आमच्या हृदयात बोलणारा देव नव्हे, तर कोणी जुना सावकार आहे, असे म्हणावे लागेल.

याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिले असे की, शब्दाचे माहेर सापडले म्हणजे वस्तूचे सत्य सापडले असे होत नाही. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत हात न कापता खुडणारा, असे जुने पंडित सांगत आले. म्हणून कुशल सुताराच्या हाती कोणी गवत शोधीत नाही. दुसरे उत्तर आमच्या मायबोलीतच आहे, आणि ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ते थोडे पुढे सांगू. तत्पूर्वी एक कबुली दिली पाहिजे. देणे व दोष यांची गल्लत होते हे नित्शेचे म्हणणे अगदीच निराधार नाही, आणि ती गल्लत आमच्या देशातही झाली आहे.

ऋण हा शब्द फार जुना. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडळात वरुणाचे एक सूक्त आहे, त्यात भक्त आपली ऋणे दूर करावी असे मागतो. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी व पितर यांचा ऋणी असतो, ही कल्पना तैत्तिरीय संहितेत आहे व ती आमच्यापैकी अनेकांनी घरच्या वडिलांच्या तोंडून ऐकली आहे. आपण आपल्या बळावर उभे नाही, आपणांस आधी मिळाले आहे, हे तीत सत्य आहे. परंतु संस्कृतात कर्ज देणाऱ्यास ‘उत्तमर्ण’ आणि घेणाऱ्यास ‘अधमर्ण’ म्हणतात. ऋणाच्या व्यवहारात एक उत्तम, एक अधम! शब्दाने बाजू दाखवावयाची, आणि समाजाने त्यावरून माणसाची पायरी ठरवावयाची, असे झाले. गरीब देणेकरी मान खाली घालून चालतो; त्याने चोरी केली नाही, खून केला नाही, तरी गुन्हेगारासारखा चालतो.

हे आमच्या याच तालुक्याने पाहिले आहे. खोतीच्या काळी कूळ राबे, भात पिकवी, आणि वर्षाच्या शेवटी तेच देण्यात निघे. देणे राहिले म्हणून वेठ, वेठ केली म्हणून घरची शेती मागे, आणि शेती मागे म्हणून पुन्हा देणे. अशा फेऱ्यात कूळ स्वतःसच दोषी मानू लागे. 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली चरी येथे जमलेल्या शेतकऱ्यांनी, रास्त वाटा मिळेपर्यंत जमीन कसावयाची नाही, असा निश्चय केला आणि तो संप 1939 पर्यंत चालविला. डॉ. आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा 1949 साली झाला. त्या माणसांनी अन्नाचे हाल सोसले. परंतु त्यांनी जे प्रथम झुगारले ते मनातले ओझे होते: आम्ही देण्यात आहोत म्हणून आम्ही अपराधी आहोत, हे ओझे.

आजही हे संपलेले नाही. आमच्या जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि ती उचल फिटेपर्यंत तेथे अडकून राहतात. 1976 च्या कायद्याने वेठबिगारीस कारण होणारे ऋणच रद्द ठरविले आहे; ते फेडण्याची जबाबदारी कायद्याने नाही. हे आमच्या उपदेशकांनी माहीत करून घ्यावे. कारण ज्याने अशा उचलीपायी पोराबाळांसह विटा थापल्या, त्यास आम्ही सभेत कर्जबुडवा म्हटले तर देव आम्हांस विचारील.

आता मायबोलीकडे येऊ. मराठीत ‘लागणे’ हे एक साधे क्रियापद आहे. चिकटणे, स्पर्श होणे हा त्याचा मूळ अर्थ. संस्कृत ‘लग्न’ शब्द याच कुळातला. हात भिंतीस लागतो, होडी धक्क्यास लागते. परंतु त्याचे आणखी तीन उपयोग पाहा. “मला जावे लागते,” येथे ते कर्तव्य किंवा निरुपाय दाखविते. “मी त्याचे शंभर रुपये लागतो,” येथे ते देणे दाखविते. आणि “तो माझा मामा लागतो,” येथे नाते दाखविते. उत्तरेकडील लोकांनी देण्यावरून कर्तव्य ओळखले. आमच्या बोलीने देणे, कर्तव्य व नाते ही तिन्ही जोडले असण्यावरून ओळखली. आधी मनुष्य मनुष्यास लागलेला आहे. त्या लागलेपणातून कोठे नाते निघते, कोठे काम निघते, कोठे पैसा निघतो. पैशाचा हिशेब हा त्याचा एक भाग आहे. तो मूळ नव्हे.

खारेपाटात राहणाऱ्यास हे निराळे समजावावयास नको. उधाणाच्या रात्री बांधास खांड पडली आणि खारे पाणी शेतात शिरू लागले, म्हणजे गावच्या प्रत्येकास चिखल घेऊन धावावे लागते. त्या वेळी माझी शेती किती, तुझी किती, गेल्या वर्षी तू आला होतास की नाही, हा हिशेब कोणी मांडीत नाही. मांडीत बसला तर पहाटेपर्यंत मांडावयास शेतच राहणार नाही. तेथे ‘लागते’ हा शब्द सावकाराच्या वहीतून आलेला नाही. एका बांधाआड आपण सर्व आहोत यातून तो आलेला आहे. नित्शेस आमचे उत्तर हेच आहे. सदसद्विवेक हा धनकोचा धाक असता तर ज्याचे आपण काहीच घेतले नाही त्याच्यासाठी आपले मन कधी तुटले नसते.

हे ध्यानी घेतले म्हणजे प्रार्थनेतील शब्दाची उकल होते. मनुष्याचे देणे तीन प्रकारचे असते. पहिले देणे पैशाचे. ते मोजता येते, म्हणून ते फेडावे. कोणी ते सोडले तर ती त्याची कृपा. परंतु शास्त्राने ते बुडविण्याची मुभा कोठेही दिलेली नाही. दुसरे देणे पापाचे. त्यास आपण सवयीने देणे म्हणतो खरे, पण ते मोजता येत नाही आणि म्हणून फेडताही येत नाही. वर्गणी दिली, मंदिराच्या छपरास कौले दिली, म्हणजे पाप चुकते झाले असे समजणारे बंधू आमच्यातही आहेत; ते नाव बदलून जुनाच नवस फेडीत आहेत. निर्दय चाकराच्या दाखल्यात प्रभूने हे आकड्यांनीच दाखविले. एक दीनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. एक तालांत सहा हजार दीनारांचा धरतात. त्या चाकराचे राजास देणे दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि त्याच्या सोबत्याचे त्यास देणे शंभर दीनार, म्हणजे शंभर दिवसांची. मला सवड द्या, सर्व फेडीन, असे तो चाकर राजास म्हणाला. दीड लाख वर्षे राबला असता तरी फिटले नसते! म्हणून राजाने हप्ते बांधून दिले नाहीत, सोडून दिले. तिसरे देणे प्रीतीचे. पौलाने रोमकरांस लिहिले की, कोणाचे काही देणे ठेवू नका, मात्र एकमेकांवर प्रीती करण्याचे देणे नित्य राहील. हे असे देणे आहे की ते रोज द्यावे आणि कधी संपू नये. ज्या दिवशी कोणी म्हणेल की बायकोवरील, शेजाऱ्यावरील माझ्या प्रीतीचा हिशेब चुकता झाला, त्या दिवशी प्रीतीच संपली असे समजावे.

पहिले देणे फेडावयाचे, दुसरे सोडवून घ्यावयाचे, तिसरे चालू ठेवावयाचे. शब्द एक असल्यामुळे आम्ही त्यांची अदलाबदल करतो. गरिबाच्या पैशाच्या देण्यास पाप म्हणतो, आपल्या पापास पैशाचे देणे समजून चार आण्यांनी मिटवू पाहतो, आणि प्रीतीचे देणे वसूल झाले म्हणून वही मिटतो.

आता त्या दोघा बंधूंचा प्रश्न. प्रार्थनेचे शब्द नीट पाहिले तर तीत मनुष्य आपल्या ऋणकोस सोडण्याविषयी बोलतो. आपल्या धनकोने मला सोडावे असा शब्द तीत नाही. धनकोच्या वाटची ओवी ऋणकोने त्याच्या अंगावर फेकावयाची नाही. क्षमा मागता येते. क्षमेची वसुली करता येत नाही. तसेच धनकोनेही समजावे की, त्याचे पैसे मागणे हे पाप नव्हे. परंतु पैशाबरोबर त्या माणसाची मान खाली घालावयास लावणे हे देण्याच्या रकमेत धरलेले नव्हते.

पौलाने फिलेमोनास जे पत्र लिहिले त्यात या सर्वाचा निकाल आहे. अनेसिम नावाचा दास धन्याचे नुकसान करून पळाला असावा. पौल त्यास परत पाठविताना, ते देणे नव्हतेच, असे म्हणत नाही. ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. म्हणजे देणे खरे धरले, आणि ते वाहण्यास तिसरा पुढे आला. मग तो फिलेमोनास सांगतो की, आता यास दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून घे. आमच्या मराठीत बोलावयाचे तर पौलाने प्रश्नच बदलला. अनेसिम तुझे किती लागतो, हे माझ्याकडे. तो तुझा कोण लागतो, हे तू सांग. वधस्तंभावर प्रभूने आमच्यासाठी हेच केले, असा आमचा विश्वास आहे.

आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. प्रथम धनकोच्या घरी जाऊन, आम्ही न ऐकता बोललो याची क्षमा मागितली. नंतर ऋणकोकडे गेलो आणि दागिन्यांची गोष्ट सांगितली; ती त्यास ठाऊक नव्हती. तो बराच वेळ गप्प बसला. भाताची झोडणी झाल्यावर तो तीन हजार रुपये घेऊन निघाला आणि त्याने आम्हांस व उपदेशकास बरोबर येण्यास सांगितले. ओटीवर उभा राहून तो म्हणाला, “दादा, मी तुमचे वीस हजार लागतो. हे तीन आहेत. राहिलेल्यांना मला वेळ लागेल.” धनकोने पैसे मोजले नाहीत. “आधी आत ये,” एवढेच तो म्हणाला. त्याने काही सोडले की नाही, हे आम्ही विचारले नाही. ते विचारण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनास दोघे एकाच चटईवर बसले होते. प्रार्थनेत ऋण हा शब्द आला तेव्हा दोघांचाही आवाज अंमळ हलका झाला असे आम्हांस वाटले. कदाचित आमचाही झाला असेल. उपदेशक बंधूंनो, आपापल्या मंडळीत असा तंटा आला तर निवाडा देण्यापूर्वी किती लागतो हे दोघांसही खरेपणाने सांगू द्या. मग कोण लागतो हे विचारा. दुसरा प्रश्न विचारावयाचा राहिला, तर पहिल्याचा हिशेब कितीही बरोबर जुळो, मंडळी जुळत नाही.